दप्तरात काय नोंदवू नये?

टोयोटा कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानमध्ये एक जाहीर कबुली दिली. मोटारीला इंटरनेटशी जोडणाऱ्या 'टी-कनेक्ट' या सेवेच्या संकेतस्थळाची काही आज्ञावली एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये चुकून 'गिटहब'वर सर्वांना दिसेल अशा रीतीने ठेवली होती. त्या आज्ञावलीतच ग्राहकांची माहिती साठविणाऱ्या सर्व्हरची किल्ली लिहिलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये लक्षात येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, ती तेथे तशीच पडून होती. २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता कंपनीला मान्य करावी लागली. कोणी कुलूप फोडले नव्हते. किल्लीच दाराबाहेर राहिली होती.

सॉफ्टवेअरच्या व्यवसायात अशा घटना विरळ नाहीत. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिटहबवरील एक लाखाहून अधिक भांडारांत अशा गुप्त किल्ल्या उघड्यावर सापडल्या होत्या. त्यांपैकी किती किल्ल्या निव्वळ निष्काळजीपणाने गेल्या आणि किती एका छोट्याशा फाइलविषयीच्या गैरसमजाने, हे सांगता येणार नाही. मात्र तो गैरसमज सार्वत्रिक आहे.

ही फाइल म्हणजे 'गिट'ची '.गिटइग्नोर'. गिट ही आवृत्ती नियंत्रण प्रणाली. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतली. त्यापूर्वी लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या 'बिटकीपर' या खासगी प्रणालीचा विनामूल्य परवाना काढून घेतला गेला होता. अशा प्रणालीचे काम दप्तरदाराचे असते. आज्ञावलीत कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ती ठेवते आणि हवी तेव्हा जुनी प्रत काढून देते. दहा जण एकाच आज्ञावलीवर काम करीत असतील, तर या दप्तराशिवाय गोंधळ अटळ आहे.

परंतु काम करताना संगणकावर जे जे साचते ते सगळेच दप्तरी दाखल करण्याच्या योग्यतेचे नसते. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर झाल्यावर उरणाऱ्या फाइली, कामाच्या नोंदींच्या 'लॉग' फाइली, मॅक संगणक प्रत्येक फोल्डरमध्ये सोडून जातो ती '.डीएस_स्टोअर', विंडोजची 'थम्ब्स.डीबी', जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात 'नोड मॉड्यूल्स' या फोल्डरमध्ये उतरणाऱ्या हजारो परकीय फाइली, हा सारा पालापाचोळा. तो पुन्हा निर्माण करता येतो, म्हणून नोंदवावयाचा नसतो. दुसरा वर्ग याच्या नेमका उलट. पासवर्ड आणि किल्ल्या असलेली '.ईएनव्ही'सारखी फाइल मोलाची असते आणि म्हणूनच नोंदवावयाची नसते.

ही गरज गिटच्या आधीपासूनची. १९८०च्या दशकात आलेल्या 'सीव्हीएस' प्रणालीत '.सीव्हीएसइग्नोर' ही फाइल होती. शिवाय कोणत्या फाइलींकडे काणाडोळा करावयाचा याची एक तयार यादी ती स्वतःच बाळगून असे. तिची जागा घेणाऱ्या 'सबव्हर्जन'ने ही सूचना फोल्डरचा गुणधर्म म्हणून नोंदविण्याची पद्धत आणली. गिटने पुन्हा साध्या फाइलीचा मार्ग धरला, पण तयार यादी मात्र ठेवली नाही. काय वगळावयाचे ते वापरणाऱ्यानेच सांगावयाचे. नवख्यांची अडचण ओळखून गिटहबने निरनिराळ्या संगणकभाषांसाठी नमुना याद्या उपलब्ध करून दिल्या आहेत आणि नव्या प्रकल्पात त्या सर्रास उतरवून घेतल्या जातात.

यादीची भाषा सोपी आहे. एका ओळीत एक नमुना. '*.लॉग' असे लिहिले की त्या शेपटाच्या सर्व फाइली कोणत्याही फोल्डरमध्ये असोत, वगळल्या जातात. शेवटी तिरपी रेघ दिली तर तो नमुना केवळ फोल्डरला लागू होतो. आरंभी दिली तर केवळ त्याच पातळीवरील नावाला. '#' ने सुरू होणारी ओळ टिपण म्हणून सोडून दिली जाते आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ आधीच्या नियमाला अपवाद करते. दोन नियमांत विरोध आला तर नंतरचा नियम चालतो.

या अपवादाच्या बाबतीत भलेभले फसतात. 'लॉग/' असा संपूर्ण फोल्डर वगळून पुढच्या ओळीत त्यातलीच एक फाइल उद्गारचिन्हाने परत मागितली, तर ती मिळत नाही. वगळलेल्या फोल्डरचे दार गिट उघडतच नाही. मग आतली फाइल त्याला दिसणार कशी? उपाय असा की फोल्डर न वगळता 'लॉग/*' असे लिहून त्यातील वस्तू वगळावयाच्या आणि मग अपवाद सांगावयाचा.

खरा गैरसमज याहून मोठा आहे. यादीत नाव घातले म्हणजे फाइल गुप्त झाली, असे अनेक जण धरून चालतात. गिटच्या लेखी या यादीचा अर्थ मर्यादित आहे: ज्या फाइलींची नोंद अद्याप झालेली नाही, त्या सुचवू नयेत. आधीच दप्तरात आलेल्या फाइलीवर यादीचा काहीही परिणाम होत नाही. पासवर्डची फाइल सोमवारी नोंदविली गेली आणि मंगळवारी तिचे नाव यादीत आले, तर बुधवारी तिच्यात केलेला बदलही गिटला दिसतोच. ही नोंद थांबविण्यासाठी 'गिट आरएम' ही आज्ञा 'कॅश्ड' या जोडशब्दासह द्यावी लागते. त्यामुळे फाइल आपल्या संगणकावर राहते, दप्तराच्या पुढील आवृत्तीतून मात्र जाते.

पुढील आवृत्तीतून, मागील नव्हे. सोमवारची प्रत इतिहासात कायम असते आणि भांडाराची नक्कल उतरविणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर ती जाते. इतिहास नव्याने लिहिणारी 'गिट फिल्टर-रेपो'सारखी साधने आहेत, पण दुसऱ्यांनी आधीच उतरविलेल्या प्रती त्यांच्या आवाक्यात नसतात. म्हणून किल्ली एकदा बाहेर गेली की ती रद्द करून नवी घेणे हे पहिले काम, साफसफाई त्यानंतरची. अनेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो.

भांडार खासगी असले तरी धोका टळत नाही. 'उबर'च्या २०१६च्या प्रकरणात घुसखोरांना अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरची किल्ली मिळाली ती कंपनीच्या गिटहबवरील खासगी भांडारातच. ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीने ही गोष्ट वर्षभर दडवून नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केली आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर मोजले.

यादीची आणखी एक मर्यादा टोयोटाच्या उदाहरणातून दिसते. किल्ली आज्ञावलीच्या ओळींतच लिहिलेली असेल, तर कोणतीही यादी उपयोगाची नाही. आज्ञावलीच वगळून कसे चालेल? किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवावी, त्या फाइलीचे नाव पहिल्या नोंदीपूर्वीच यादीत घालावे आणि सहकाऱ्यांसाठी खोटी मूल्ये भरलेली नमुना फाइल तेवढी नोंदवावी, ही रीत आता रुळली आहे. गिटहबनेही २०२४ पासून सार्वजनिक भांडारांत ओळखीच्या धाटणीची किल्ली येऊ लागली की तिला आपणहून अटकाव करण्यास प्रारंभ केला. अनोळखी धाटणीचा साधा पासवर्ड मात्र त्या चाळणीतून सहज निसटू शकतो.

सर्वच गोष्टी प्रकल्पाच्या यादीत घालण्याचे कारण नाही. केवळ आपल्या संगणकाशी संबंधित कचऱ्यासाठी, उदाहरणार्थ '.डीएस_स्टोअर', गिटमध्ये वैयक्तिक यादीची सोय आहे. एकाच भांडारापुरती, पण इतरांना न दिसणारी यादी हवी असेल, तर भांडारातील 'इन्फो' फोल्डरमध्ये 'एक्सक्लूड' नावाची फाइल असते. तीन याद्या झाल्या की एखादी फाइल नक्की कोणत्या ओळीमुळे वगळली गेली, हे कोडे पडते. 'गिट चेक-इग्नोर' ही आज्ञा 'व्ही' या अक्षरासह दिली, तर ती यादीचे नाव आणि ओळीचा क्रमांक दोन्ही सांगते. ती फारशी कोणी वापरत नाही, हे नवल.

वगळलेल्या फाइलीची प्रत दप्तरात नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. 'गिट क्लीन' ही आज्ञा सक्तीच्या 'एफ'सोबत लहान 'एक्स' जोडून दिली, तर ती पालापाचोळ्याबरोबर पासवर्डची फाइलही पुसून टाकते, आणि मग तिची जुनी प्रत गिटकडे मागून उपयोग नसतो. त्यामुळे सराईत मंडळी आधी 'एन' हे अक्षर देऊन काय काय जाणार आहे ते पाहून घेतात आणि किल्ल्यांची दुसरी प्रत पासवर्ड जपणाऱ्या स्वतंत्र साधनात ठेवतात.