मायलोमा, चमकणारी अँटिबॉडी आणि पेशीतली प्रतवारी

शेवगावहून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जाऊन आलेल्यांच्या फायली लोक अधूनमधून माझ्याकडे वाचायला आणतात. मल्टिपल मायलोमाची फाईल असेल तर दोन शब्द हमखास विचारतात. 'फ्लो सायटोमेट्री' म्हणजे काय, आणि 'बोर्टेझोमिब' म्हणजे काय? एक तपासणी, दुसरं इंजेक्शन. पण दोन्हींचा इतिहास एकमेकांत असा गुंतलाय की एकत्रच सांगावा लागतो.

अँटिबॉडी आपल्याला नवीन नाही. साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन म्हणजे घोड्याच्या रक्तातल्या अँटिबॉडीच. तिचं काम एकच, ठरलेला पदार्थ शोधून त्याला चिकटणं. चिकटली कुठे, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. अल्बर्ट कून्स या अमेरिकन डॉक्टरला 1939 साली बर्लिनमध्ये सुट्टीवर असताना सुचलं, की तिला चमकणारा रंगच जोडला तर? हार्वर्डमध्ये लुई फीझरच्या रसायनशाळेने मदत केली. (याच फीझरने 1942 मध्ये नापाम बनवलं. एकाच प्रयोगशाळेतून काय काय बाहेर पडतं बघा!) 1941 मध्ये न्यूमोनियाचे जंतू अतिनील दिव्याखाली निळे चमकले. पण शरीरातल्या ऊतीही निळसर चमकतात, म्हणून पुढच्या वर्षी हिरवा रंग घेतला. बँकेत पाचशेची नोट दिव्याखाली धरतात ना, तसलाच प्रकार.

त्याच 1941 साली परळला टाटा मेमोरियल सुरू झालं आणि डॉ. वसंत खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली नीट ओळखायची शिस्त आपल्याकडे बरीचशी त्यांनी लावली.

अडचण अशी होती की जनावराच्या रक्तातल्या अँटिबॉडी सरमिसळ असतात. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाईन यांनी अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीचा संकर उंदराच्या मायलोमा पेशीशी केला. कॅन्सरची पेशी मरत नाही, म्हणून एकाच जातीची अँटिबॉडी हवी तेवढी मिळू लागली. म्हणजे ज्या रोगाने माणूस खंगतो, त्याच रोगाच्या पेशीने हे हत्यार दिलं. पेटंटही घेतलं गेलं नाही.

आता प्रतवारी. कांद्याच्या चाळीत नासका कांदा वेळीच उचलला नाही तर शेजारचेही जातात. पेशीत तसंच आहे. प्रथिनाची घडी चुकली की त्यावर 'युबिक्विटिन' नावाची चिठ्ठी लागते आणि 'प्रोटिअझोम' नावाचं यंत्र त्याचा चुरा करतं. हे हर्श्को, सिकॅनोव्हर आणि रोझ यांनी शोधलं, 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नव्याने बनलेल्या प्रथिनांपैकी 30 टक्क्यांपर्यंत माल असा बाद होतो, असं नोबेल समितीने तेव्हा सांगितलं होतं. मला तो आकडा वाचून धक्काच बसला होता. चमकणाऱ्या अँटिबॉडींनी पुढे हा कचरा प्रत्यक्ष दाखवला. 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रोटिअझोम बंद पाडलं की चुकीची प्रथिनं पेशीकेंद्राजवळ ओढून ढीग लावला जातो.

मायलोमाची पेशी रात्रंदिवस अँटिबॉडीच बनवत असते. उत्पादन अफाट, म्हणून कचराही अफाट. त्यामुळे प्रोटिअझोम बंद केलं की इतर पेशींपेक्षा ती आधी गुदमरते. बोर्टेझोमिब नेमकं हेच करतं. गंमत म्हणजे या औषधांचा शोध सुरू झाला तो स्नायू झिजणं थांबवायला! 2003 मध्ये अमेरिकेत मायलोमासाठी मान्यता मिळाली, नंतर भारतीय कंपन्याही ते बनवू लागल्या, आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

औषध आता आपल्या भागापर्यंत येतं. तपासणीचं तसं नाही. फ्लो सायटोमेट्रीत अस्थिमज्जेच्या पेशींना वेगवेगळ्या रंगांच्या अँटिबॉडी लावून लेझरपुढून एकेक पेशी सोडतात, आणि लाखो पेशींत मायलोमाच्या थोड्याच उरल्या असतील तरी सापडतात. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये हे काम होतं. पण नमुना ताजा लागतो, एक-दोन दिवसांत पोचायला हवा. शेवगावहून आधी नगर, मग पुणे किंवा मुंबई, त्यात रविवार आला की झालंच. आणि हे तंत्र जिल्ह्यात आणता येत नाही असं कुणी म्हणू नये. एचआयव्हीच्या पेशंटांच्या सीडी-4 पेशी मोजायला याच रंगीत अँटिबॉडी वापरतात, आणि 2004 ला मोफत औषधं सुरू झाल्यावर ती यंत्रं सरकारनेच जिल्ह्याजिल्ह्यांत नेली होती. मायलोमाची तपासणी जास्त रंगांची आणि किचकट असते, शिकलेला माणूस लागतो, हे कबूल. मग निदान अहिल्यानगरला नमुना घेऊन त्याच दिवशी पुढे पाठवायची सोय तरी जिल्हा रुग्णालयाने करावी. त्याला लेझरही लागत नाही, एक गाडी आणि एक माणूस लागतो.