पुण्यात बर्फ पडत नाही, मग अँटीफ्रीझ कशाला?

कूलंटच्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘अँटीफ्रीझ’ असंही छापलेलं असतं. पुण्या-नागपुरात रेडिएटर कधी गोठत नाही, तरी आपण पैसे मोजून ते विकत घेतो. गंमत म्हणजे उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. मग नुसतं पाणी का चालत नाही? याचं उत्तर मला रसायनशास्त्राइतकंच इतिहासात सापडतं.

बाइकला पाण्याने थंड करण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड स्कॉटने १९०८च्या सुमारास अशी टू-स्ट्रोक बाइक आणली. तिला पंप नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवायचं आणि खाली उतरायचं. १९१२ आणि १९१३ अशी सलग दोन वर्षं स्कॉटने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली.

पण पाण्यात तीन खोडी आहेत. ते शून्य अंशाला गोठतं आणि गोठताना फुगतं, त्यामुळे इंजिनाचा ब्लॉक तडकतो. ते १०० अंशाला उकळतं. आणि ते धातूला गंजवतं. थंड देशांतले गाडीवाले पाण्यात मिथेनॉल मिसळायचे, पण इंजिन तापलं की ते उडून जायचं.

एथिलीन ग्लायकॉल हे रसायन फ्रेंच शास्त्रज्ञ वुर्त्झ यांनी १८५०च्या दशकातच तयार केलं होतं. कित्येक वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. पहिल्या महायुद्धात ते ग्लिसरीनऐवजी स्फोटकांसाठी वापरलं गेलं. १९२७ साली अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ या नावाने ते गाड्यांसाठी विकायला आलं. ते सुमारे १९७ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे मिथेनॉलसारखं उडूनही जात नाही.

मग शुद्ध ग्लायकॉलच का भरू नये? विमानवाल्यांनी ते करून पाहिलं. स्पिटफायरच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल होतं. द्रव जास्त तापू दिला की रेडिएटर लहान करता येतो, हा हिशोब. पण ते सांध्यांतून गळायचं, पेट घ्यायचं आणि उष्णताही कमी वाहायचं. पुढच्या मर्लिनमध्ये ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल आलं, तेही दाबाखाली. आपल्या कुकरचंच तत्त्व : दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. तुमच्या रेडिएटरचं झाकण हेच काम करतं, म्हणूनच गरम इंजिनावर ते कधीही उघडायचं नसतं. उघडलंत तर उकळता द्रव थेट अंगावर येतो.

शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, पण निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे ३५च्याही खाली टिकतं. म्हणून लडाखला जाताना ‘जरा जास्तच घट्ट’ ओतण्यात शहाणपण नाही.

१९७१ साली सुझुकीची जीटी७५० आली. इंग्लंडमध्ये तिला ‘किटली’ म्हणत, अमेरिकेत ‘पाणम्हैस’. भारतात २००८च्या यामाहा आर१५ने आणि २०१२पासून चाकणला बनणाऱ्या केटीएम २०० ड्यूकने रेडिएटर कॉलेजच्या पार्किंगपर्यंत आणला. ही इंजिनं ॲल्युमिनियमची. त्यामुळे आपल्याकडे कूलंटचं मोठं काम गंज रोखणं आणि उकळणं लांबवणं हे आहे.

गंजरोधक रसायनांतही भूगोल दिसतो. युरोपातलं पाणी क्षारयुक्त. त्यात फॉस्फेट पडलं की खरपुडी धरते, म्हणून तिथे फॉस्फेट टाळतात. जपानी कंपन्या फॉस्फेट वापरतात आणि सिलिकेट टाळतात, कारण त्यांना पंपाच्या सीलची काळजी. म्हणून बाइकच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार घ्यावा. रंग बघून निवडू नये, रंगाचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. बाटली तयार मिश्रणाची असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बहुतेकदा निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नकोच.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये त्याचंच भावंड, डायएथिलीन ग्लायकॉल, निघालं. १४ रुग्ण दगावले. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली.

उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. लहान मूल आणि गल्लीतलं कुत्रं, दोघांनाही बाटलीवरची अक्षरं वाचता येत नाहीत.