विजेची गिटार लॅपटॉपला जोडताना

विजेच्या गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचे साधन असते. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे, एवढीच त्याची रचना. पोलादी तार कंप पावली की वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. मायकल फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच.

आपल्या गायनवृंदांतील तरुण पुष्कळदा मोठ्या जॅकला लहान जॅकचा जोड लावून गिटार थेट लॅपटॉपच्या माइक-सॉकेटमध्ये घालतात. आवाज येतो, परंतु मंद व धुरकट. ते सॉकेट छोट्या माइकसाठी असून त्याचा इंपिडन्स काही हजार ओहम असतो. गिटारला सुमारे १० लाख ओहम लागतात. कमी इंपिडन्सच्या भाराखाली आवाजातील तीक्ष्ण अंश प्रथम लोपतो. यास्तव मध्ये ऑडिओ इंटरफेसची पेटी घ्यावी व तिचे 'इन्स्ट्रुमेंट' बटण दाबावे. पेटी दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळा संकेत मोजून ते आकडे यूएसबीने लॅपटॉपला देते. पातळी इतकी चढवू नये की लाल दिवा लागेल; फाटलेला स्वर नंतर पूर्ववत होत नाही.

छेडलेला स्वर कानी उशिरा पडत असेल तर बफर कमी करावा. ४८,००० च्या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २१ मिलिसेकंद घेतो, १२८ नमुन्यांचा तीनहून कमी. विंडोजवर इंटरफेससोबतचा आसिओ ड्रायव्हर वापरावा.

खरा त्रास घरघरीचा. आपल्याकडील विजेची कंप्रता ५० हर्ट्झ. तिची १०० व १५० हर्ट्झची पिल्ले गिटारच्या जाड तारांच्या स्वरांत मिसळतात आणि मग गाळून काढता येत नाहीत. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे. (वीज गेल्यावर बॅटरीवर केलेले मुद्रण म्हणूनच कधीकधी सर्वांत स्वच्छ निघते! मात्र जवळ जुना स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर सुरू असेल तर उलट घडते.) लॅपटॉप व मिक्सर दोन वेगळ्या भिंतींवरील प्लगांत असतील तर त्यांच्या अर्थिंगमधून वळसा तयार होतो. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावेत. तरीही आवाज राहिल्यास दोहोंमधील ध्वनीच्या केबलवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा.

काही जण तीन पिनांच्या प्लगची मोठी पिनच काढून टाकतात. त्याने घरघर पुष्कळदा खरोखर थांबते, आणि म्हणूनच ही चूक पसरते. गिटारच्या तारा केबलच्या अर्थशी जोडलेल्या असतात. वादकाचे बोट तारेवर आणि ओठ माइकला. यांपैकी एका उपकरणात वीज उतरली तर मार्ग वादकाच्या शरीरातून जातो. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर असेच दगावले. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्यांचा हात लागला होता.

वर्धा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, काळी जमीन भेगाळते आणि ओलाव्याअभावी अर्थिंगच्या खड्ड्याचा विद्युतरोध वाढतो. पावसाळ्यात शांत असलेली जोडणी उन्हाळ्यात घरघरते ती कधी यामुळेही. खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि मुद्रणाच्या आधी परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंग मोजून घ्यावे.