झूझू आले, लाइन गेली

24 मे 2009, रविवार. वर्ध्याच्या रामनगरात संध्याकाळचे साडेसात वाजलेत, पण दिवसभर तापलेली भिंत अजून हात लावू देत नाही. खिशातला फोन तेवढा बंद करून ठेवा. काचेचा पडदा पाहून पोरं गोळा होतील ते एक वेळ चालेल, पण वरच्या कोपऱ्यातलं 'वी' कुणी वाचलं तर त्याचा खुलासा करता यायला अजून अकरा वर्षं आहेत.

दार उघडंच आहे. "या न जी, बसा. मॅच सुरू व्हाचीच आहे," काका म्हणतात आणि खिडकीतल्या कूलरची हवा तुमच्याकडे वळवतात. त्यांच्या डाव्या तर्जनीच्या नखावर काळी खूण आहे, अर्ध्यावर सरकलेली. 16 एप्रिलला इथं मतदान झालं, दत्ता मेघे निवडूनही आले, शाई मात्र नख वाढेल तशीच जाणार. या निवडणुकीपायीच आयपीएलला देशात पुरेसा बंदोबस्त मिळाला नाही आणि सगळी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत गेली. आज जोहान्सबर्गला अंतिम सामना आहे: डेक्कन चार्जर्स विरुद्ध बंगळूर.

पहिल्याच षटकात कुंबळे गिलख्रिस्टला शून्यावर काढतो. पोट्टे ओरडतात, काका पानाचा डबा उघडतात. आजी मात्र आतल्या खोलीतच. तिला क्रिकेटचं काही पडलेलं नाही. षटक संपतं, जाहिराती लागतात आणि आत आवाज जातो, "आजी, ये लौकर, थे पांढरे आले!" गुडघ्यावर हात टेकत आजी बाहेर येते.

करड्या पडद्यासमोर अंड्यासारखं गुळगुळीत डोकं, सुटलेलं पोट आणि काडीसारखे पाय असलेली पांढरी मंडळी, म्हणजे झूझू, धावपळ करतात, चिडतात, रडतात, हसतात. बोलतात ते कुठल्याच भाषेत नाही. शेवटी व्होडाफोनची एखादी सेवा येते: क्रिकेटचे अलर्ट, सौंदर्याच्या टिपा, फोनमधल्या नंबरांचा बॅकअप. स्पर्धा सुरू झाली त्या 18 एप्रिलपासून हे चाललंय, जवळपास रोज एक नवी जाहिरात, सगळ्या मिळून तीसेक. या घरात 'कालची पाहिली का?' हे विचारतात ते मॅचबद्दल नाही.

दहा षटकांनंतर साडेसात मिनिटांचा टाइमआउट येतो. यंदाच सुरू झालेली ही सुट्टी खेळाडूंसाठी की जाहिरातदारांसाठी, याबद्दल काकांचं मत छापण्याजोगं नाही. त्या वेळात भाचा-भाचीचा जुना वाद उकरला जातो. भाचा म्हणतो, कॉम्प्युटरवर काढलेलं कार्टून आहे. दहावीचा निकाल लागायचा असलेली भाची म्हणते, "माणसं आहेत बे. चालताना गुडघा पाय त्याचा."

तुम्हाला ठाऊक आहे की भाची बरोबर आहे. ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेत राजीव राव यांना हे पात्र सुचलं, बंगळूरच्या निर्वाणा फिल्म्सच्या प्रकाश वर्मांनी ते केपटाउनमध्ये चित्रित केलं. आतली माणसं लहान चणीची, त्यातही बऱ्याचशा बायका. अंगावर फोम भरलेला पांढरा पोशाख, कापड मुद्दाम असं निवडलेलं की सुरकुती कमीत कमी पडावी. डोकं टणक, त्यावर डोळे-तोंडाचे रबरी तुकडे चिकटवलेले. हसू हवं असेल तर हसऱ्या तोंडाचा तुकडा, राग हवा असेल तर रागाचा. आजूबाजूचं सामान मुद्दाम मोठं केलेलं, म्हणजे माणूस ठेंगणा दिसतो. कॅमेरा सेकंदाला 20 चित्रांच्या वेगानं फिरवला, म्हणून हालचाल झटक्याझटक्यानं होते. कार्टून वाटावं यासाठी एवढा आटापिटा! पण तुम्ही गप्प बसा. हे सगळं एवढं कसं ठाऊक, असं ती विचारेल.

आता एक झूझू दुसऱ्यावर डाफरतोय. भाचा लगेच त्याचा आवाज काढतो, "काहून बे, कुठं हिंडून राह्यला होता सकाळपासून?" दुसऱ्याचं उत्तर आजी देते, "मोबाइल नव्हता न बाप्पा माह्याजवळ!" खोली हसून लोळते. मला विचाराल तर या जाहिरातींचं खरं यश इथं आहे. संवाद लिहिलेच नाहीत, तेव्हा ते वऱ्हाडीत लिहायची मुभा रामनगराला मिळाली. मागोमाग आयडिया या दुसऱ्या मोबाइल कंपनीची जाहिरात लागते. अभिषेक बच्चन कधी गावचा सरपंच होऊन जातींचं भांडण मिटवतो, कधी मोबाइलवर शाळा भरवतो. गोष्ट खेड्याची, भाषा मुंबईच्या हिंदीची. तिचं 'व्हॉट ॲन आयडिया, सरजी' पोट्टे दिवसभर एकमेकांना मारतात, पण त्या गोष्टीत कुणी स्वतःचं वाक्य घालत नाही.

मध्येच तुम्हाला एक गिरकी घ्यावी लागेल, घाबरू नका. याच वर्षीचं टोकियोतलं एक घर. टीव्हीवर शिराटो नावाचं कुटुंब: आई, मुलगी, कृष्णवर्णी अमेरिकी नटानं साकारलेला मुलगा, आणि बाप म्हणजे एक पांढरा कुत्रा. भारदस्त पुरुषी आवाजात तो घरच्यांना दटावतो आणि बाप कुत्रा का आहे हे कुणी विचारत नाही. सॉफ्टबँकेची ही मालिका 2007 पासून चाललीय. घरातल्या घरात फुकट बोला, एवढाच निरोप, पण लोक तो पुढच्या भागाची वाट पाहत ऐकतात. पुढे 2015 पासून 'एयू' ही स्पर्धक कंपनी मोमोतारो, उराशिमा तारो आणि किंतारो या लोककथांतल्या तिघांना मित्र करून आपली मालिका काढेल. गंमत अशी की सॉफ्टबँकेनं जो धंदा 2006 मध्ये विकत घेतला, तो व्होडाफोनचा जपानी कारभार होता. तिथून निघालेली व्होडाफोन वर्षभरात भारतात हच घ्यायला आली, आणि हचच्या पग कुत्र्याला गुलाबी घरातून लाल घरात नेऊन तिनं बारसं केलं. झूझूंनी त्या पगला रजा दिली, म्हणून प्राण्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या 'पेटा'नं कंपनीचा सत्कारही केला. पगचं मत कुणी घेतलं नाही.

परत या. डेक्कनच्या 143 धावा झाल्यात, कुंबळेचे 16 धावांत 4 बळी. बंगळूरचा डाव रंगात आलाय आणि इथं पंख्याचं पातं मंदावत थांबतं. लाइन गेली. गल्लीभर एकच शिवी उठते, तीही वीज कंपनीच्या सवयीची.

आता पाहा खरा मोबाइल. भाचा नोकिया 1100 काढतो. त्यात क्रिकेट अलर्ट नाही, महिन्याचे पैसे कापणारी सेवा या घरात कुणी घेणार नाही. बॅलन्स असतो तो दहाच्या रिचार्जचा, आणि तोही बोलण्यासाठी नसतो, जपून ठेवण्यासाठी असतो. नागपूरच्या आतेभावाकडे लाइन आहे. त्याच्याशी ठरलंय: एक मिस कॉल म्हणजे विकेट, लागोपाठ दोन म्हणजे षटकार. कुठल्याही कंपनीच्या खात्यावर एक पैसा न पाडता धावतं समालोचन. दूर टॉवरखालचा जनरेटर धडधडतोय, डिझेल कंपनीचं. याच वर्ध्याशेजारी सेवाग्रामच्या बापू दफ्तरात इंग्रज सरकारनं बसवून दिलेला टेलिफोन अजून दाखवतात. गांधींशी बोलायची गरज व्हाइसरॉयला होती, म्हणून खर्चही सरकारचा. दुसऱ्याच्या पैशानं फोन वाजावा, ही इथली जुनीच रीत म्हणायची.

एक रिंग. "गेला!" कोण गेला ते कळायला मार्ग नाही. परत एक. शेवटच्या षटकात बंगळूरला 15 हव्यात आणि चेंडू आर. पी. सिंगच्या हातात आहे, हे या अंधारात फक्त तुम्हाला माहीत.

काका मात्र वेगळ्याच विचारात. वाळ्याचा पंखा हलवत ते तुमच्याकडे सरकतात. "तुमी शहरातले. मले नवीन कार्ड घ्याचं आहे. आयडिया घेऊ का व्होडाफोन? एकदा घेतलं का नंबर ठेवून कंपनी बदलता येत नाही म्हणते." त्यांचं खरं आहे. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय 2011 च्या जानेवारीत येईल. त्याच्या कितीतरी आधी, येत्या महिन्यातच, टाटा एका जपानी कंपनीला, डोकोमोला, सोबत घेऊन सेकंदाला एक पैसा असा भाव लावील आणि सगळ्यांचे दर कोसळतील. आणि 31 ऑगस्ट 2018 रोजी याच दोन कंपन्या... जीभ चावा, पण उशीर झालाय.

"कोणतंही घ्या काका. एकच आहेत."

"एकच कसे जी?" काका पंखा थांबवतात. "याच्यात बच्चनचा पोट्टा आहे, त्याच्यात थे अंडे आहेत. तुमी जाहिरात पाह्यतच नाही वाटते."

नागपूरहून लागोपाठ रिंगा सुरू झाल्यात, एक, दोन, तीन, चार. ठरलेल्या खुणांत चार म्हणजे काय, हे कुणी ठरवलेलंच नाही, आणि उलट फोन लावून विचारावं तर बॅलन्स दोन रुपये आहे.