पृथ्वी मोजणारा सैनिक : विल्यम लॅम्बटन

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी एक इंग्रज लष्करी अधिकारी वारला. हा विल्यम लॅम्बटन पाठ्यपुस्तकांत आपल्याला क्वचितच भेटतो.

१७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत तो होता. रात्रीच्या कूचीत आपले सैन्य चुकून शत्रूच्या दिशेने चालले आहे, हे त्याने तारे पाहून ओळखले असे सांगतात. टिपूच्या पाडावानंतर कंपनीला नव्या मुलुखाचे नकाशे हवे होते. लॅम्बटनला पृथ्वीचा आकारही मोजायचा होता.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्याने सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा साखळीने मोजायला घेतली. या कामाला ५७ दिवस लागले. इतकी काळजी कशासाठी? त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू गणिताने मिळतात; त्यांवर पुढचे त्रिकोण उभे राहतात. म्हणून पायारेषेतली चूक सगळीकडे पसरते. कोन मोजणारा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आदळून बिघडला, तेव्हा लॅम्बटनने तो स्वतः दुरुस्त केला.

अक्षांशाच्या एका अंशाची लांबी उत्तरेकडे वाढत जाते, म्हणजेच पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, याला या मोजणीने पुष्टी मिळाली. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

जगातल्या सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. साखळी धरणारे, अवजड यंत्र डोंगरावर वाहणारे हात मात्र निनावीच राहिले. राज्य पक्के करणाऱ्या मोजणीतूनच विज्ञानही पुढे गेले. वर्गात त्रिकोणमिती शिकवताना आपण या दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.