पेव आणि परवलीचा शब्द

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणेचा संगम होतो, तिथं हरिपूर आहे. माझे अब्बा सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. लहानपणी ते मला हरिपूरला पेवं दाखवायला न्यायचे. दाखवायला म्हणायचं इतकंच, कारण वरून दिसायची नुसती सपाट जमीन. खाली मात्र तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी कोठारं, आणि त्यांत हळद. तोंड बंद करून वर माती लिंपली की आत हवा नाही, म्हणून कीडही नाही. माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आत कोंडलेली हवा जीव घेते. कुठल्या पेवात कुणाचा माल, हे फक्त वहीला ठाऊक.

२००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि हळद नासली. मी हळहळलो, पण शिकलो काही नाही. बँक, वीजबिल, ई-मेल, सगळ्यांचे पासवर्ड मी एकाच वहीत लिहीत होतो आणि ती वही कपाटाच्या खालच्या कप्प्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात कपाट बुडालं. वही सापडली, शाई मात्र सगळी वाहून गेली होती. बँकेचं काम चार खेपांत झालं. एक जुनं ई-मेल खातं मात्र आजतागायत उघडलेलं नाही, कारण त्याला जोडलेला मोबाइल नंबर मी कधीच बंद केला होता. त्या खात्यात अब्बांच्या आवाजाची एक फीत आहे. तिच्यात ते हळदीच्या पेठेबद्दल बोलतात. अब्बा आता नाहीत.

मग मुलीनं मला पासवर्ड मॅनेजर घालून दिला. हे प्रकरण नवं वाटतं, पण तितकं नवं नाही. अमेरिकेत एमआयटीच्या संगणकावर १९६१ च्या सुमारास पासवर्ड आले, आणि १९६६ मध्ये एका चुकीमुळे सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांच्या टर्मिनलवर उमटले. ब्रूस श्नायर यांनी १९९७ मध्ये ‘पासवर्ड सेफ’ काढला. युक्ती पेवाचीच : सगळं एका जागी, कुलूपबंद सांकेतिक रूपात, आणि वर एकच मुख्य पासवर्ड. चांगल्या मॅनेजरमध्ये तो कंपनीकडेही नसतो. म्हणजे विसरलात की बहुधा संपलंच.

आता, पेव फुटतंच. २०२२ मध्ये ‘लास्टपास’ या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड सांकेतिक रूपात होते. पण ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा, त्यांच्या तिजोरीवर चोर निवांत बसून एकेक किल्ली लावून पाहू शकतो. हे ऐकून मी माझ्याच गझलेची एक ओळ पासवर्ड म्हणून ठेवणार होतो. मुलगी म्हणाली, “अब्बा, ती छापून आलीय ना?” कवीचा अहंकार असा कामी येतो! शेवटी एकमेकांशी काही संबंध नसलेले सहा शब्द निवडले.

राहिला प्रश्न किल्ली कुणाकडे द्यायची. इथं मला साताऱ्याचा अजिंक्यतारा आठवला. महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला. शिवकालात गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे असत, पण गड एकट्या हवालदाराच्या हाती नसे. सबनीस, सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा हिशेब. हिशेब लिहिणारा निराळा, शिबंदीवरचा निराळा. आपण मात्र घरातल्या सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या डोक्यात ठेवतो आणि त्या माणसाला एखाद्या रात्री दवाखान्यात हलवावं लागतं.

माझी आपा साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहते. कृष्णा माहुलीवरून जाते, तिचं पाणी आपाच्या उंबऱ्यापर्यंत काही येत नाही. मी तिजोरीची कुलूपबंद प्रत एका पेनड्राइव्हवर घेऊन तिच्याकडे ठेवली. बंद लिफाफ्यात मुख्य पासवर्डाचे पहिले तीन शब्द दिले. उरलेले तीन मुलीकडे. मुलगी पुण्यात असते. दोघी भेटल्याशिवाय काहीच उघडणार नाही. दर सहा महिन्यांनी साताऱ्याला गेलो की पेनड्राइव्हवरची प्रत नवी करतो, आणि ती खरंच उघडते का, तेही तिथंच बसून पाहतो. उघडी प्रत, म्हणजे साध्या अक्षरांतली यादी, मात्र कुठंच ठेवत नाही. एकदा घाईत अशी यादी घरातल्या संगणकावर राहून गेली होती, ती पुसताना घाम फुटला.

परवा आपाचा फोन आला. लिफाफा तिनं उघडून पाहिला होता.

“भाई, हे तीन शब्द कसले? ह्यात ना यमक, ना अर्थ. मी वाचून दाखवू?”

“नको, आपा,” मी घाईनं म्हणालो, “फोनवर नको.”