वेष बदलला, पण जागा?

दिवाळी आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दंडारीचे ढोल घुमू लागतात. पांढरकवडा, मारेगाव, घाटंजी या बाजूच्या गोंड-कोलामांच्या वस्त्यांतून नाचणाऱ्यांचे मेळे निघतात. बाईचे सोंग त्यांत परंपरेने गड्यानेच घ्यायचे. लुगडे नेसलेला तो गडी आला की लेकरे खिदळतात, म्हाताऱ्या पदराआड हसतात. आजची मुले हीच गंमत चित्रकथांत वाचतात. पुरुषाने स्त्री व्हावे, स्त्रीने पुरुष व्हावे, अशा गोष्टी आपण फार पुरातन काळापासून सांगत आलो आहोत. मग त्यांतल्या काही मनात घर करतात आणि काही हसण्याबरोबर विरून जातात, हे का?

मला याचे उत्तर महाभारताच्या विराटपर्वात सापडते. अज्ञातवासात अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो. तिकडे कीचक सैरंध्रीला, म्हणजे द्रौपदीला, भर सभेत लाथ मारतो. पुढे कीचक मेल्यावर द्रौपदी बृहन्नडेला टोचून विचारते की, मुलींच्या महालात सुखाने राहणाऱ्या तुला सैरंध्रीचे दुःख काय कळणार? अर्जुनाने वेष घेतला होता, पण तिची जागा घेतली नव्हती. ती घेतली भीमाने. रात्री नृत्यशाळेच्या अंधारात, जिथे द्रौपदी असायची तिथे तो पडून राहिला, आणि कीचकाचा हात त्याच्या अंगावर पडला. भीमाला बायकी आवाज काढावा लागला नाही. तरीही कथा अंगावर काटा आणते, कारण तिचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले.

वेष बदलणे सोपे, जागा बदलणे कठीण. चांगल्या कथेची कसोटी मी हीच मानतो.

आपल्या रंगभूमीकडे पाहा. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, दागिने घालणे घरोघरच्या बायकांनी उचलले, हे सर्वश्रुत आहे. पण 1919 च्या ‘एकच प्याला’त ते सिंधू होऊन जात्यावर बसले, तेव्हा शालू-पैठणीचा थाट कुठे होता? दारुड्या नवऱ्याच्या बायकोची जागा घेऊन एक पुरुष बसला होता, आणि समोरच्या पुरुषांना आपल्या घरातले जाते आठवत असेल.

समुद्रापलीकडचेही असेच एक उदाहरण आहे. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका लहानपणी ताकाराझुका गावी वाढला. तिथल्या प्रसिद्ध नाटकमंडळीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. 1953 साली त्याने राजकन्या सफायरची चित्रकथा सुरू केली. त्या राज्यात मुलीला गादी मिळत नाही, म्हणून सफायर राजपुत्र म्हणून वाढते. गुपित फुटले तर राज्य दुष्टांच्या हाती जाणार! तिच्या हातातली तलवार शोभेची नाही. तिच्यामागे एक अन्यायी कायदा उभा आहे. म्हणून वाचक पान उलटीत राहतो.

हसवणाऱ्या कथेलाही हा नियम सुटत नाही. 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’त चार मित्रांना डोक्यावर छप्पर हवे असते आणि घरमालकीण जोडप्यांनाच खोली देते. गरज खरी, म्हणून सोंग पटते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीला खोट्या गरोदरपणाचे डोहाळजेवणसुद्धा निभवावे लागते! आपण हसतो ते त्याच्या तारांबळीला, बाईपणाला नव्हे.

उलट, कंबर मुरडली, आवाज बारीक केला, पदर घसरला, एवढ्यावरच ज्यांचा संसार चालतो त्या कथा पहिल्या हशानंतर रित्या होतात. शिवाय त्या हशाचा ओरखडा घरातल्याच आई-बहिणीवर उमटतो. फराळाच्या ताटाभोवती सगळे कुटुंब बसलेले असताना तो कुणाला बोलून दाखवता येत नाही, इतकेच.

म्हणून चित्रकथा काढू पाहणाऱ्या आमच्या पोरापोरींना माझे सांगणे आहे. नायकाला लुगडे नेसवण्याआधी विचारा, त्याच्यावर ही वेळ का आली? त्या वेषात त्याच्याकडे कोण कसे पाहू लागले? आणि लुगडे फेडल्यावर तो पूर्वीच्याच मिशीला पूर्वीसारखाच पीळ देऊ शकतो काय? देऊ शकत असेल, तर कथा अजून लिहायची राहिली आहे.